पांढऱ्या दोऱ्याची गाठ

कोल्हापूरचा माणूस जे काही बोलायचं ते तोंडावर बोलतो, असं मी आयुष्यभर सांगत आलो. शाळेत गणित शिकवताना पोरांना सांगितलं, पुण्याच्या नातेवाइकांना तर जरा जास्तच फुशारकीनं सांगितलं. अलीकडं सांगत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं तरी मी मान खाली घालून चहा पितो.

दहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. त्या वयात माझ्या बरोबरीची माणसं काशीला जाऊन आली, कुणी प्लॉट घेतला. मी स्पीकर घेतले. परदेशी बनावटीचे, अक्रोडी रंगाचे, माझ्या छातीपर्यंत येणारे दोन स्पीकर. मुलाकडं परदेशात राहायला निघालेल्या एका डॉक्टरांनी ते विकायला काढले होते. टेम्पोतून उतरवून ते बाहेरच्या खोलीत उभे केले, तेव्हा बायको दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माणूस एक सवत आणतो. तुम्ही जोडीच आणलीत." पण संध्याकाळी तीच त्यांच्यावरची धूळ पुसत होती.

चांगल्या स्पीकरला चांगला अँप्लिफायर लावला की झालं, अशी माझी समजूत होती. खुळी समजूत. दुकानातून आणलेला अँप्लिफायर लावला तर आवाज लख्ख आला, अगदी एकेक श्वास ऐकू येईल इतका. पण अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागायची. ट्यूबलाइटखाली तासन्‌तास पेपर तपासल्यावर डोळ्यांचं जे होतं ते कानांचं व्हायचं. मग कुणाचा तरी जुना, पूर्वीच्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणून लावला. आवाज मऊ झाला, पण खर्ज असा ढिला पडला की तबल्याच्या डग्ग्याला जणू पाणी लागलंय. त्या स्पीकरची ओढ विचित्र होती. काही सुरांना ते सहज बोलायचे आणि काही सुरांना एकदम इतकी ताकद मागायचे की व्हॉल्व्हला धाप लागायची.

तेव्हा मला मिस्त्री भेटले. उद्यमनगरात त्यांचं मोटारी वाइंडिंग करून द्यायचं दुकान. शेतातल्या पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, असलं काम. तरुणपणी तालमीत होते, त्यामुळं दोन्ही कान पैलवानी, चुरगळलेले. गाण्याचं वेड मात्र माझ्याहून दांडगं. त्यांनी माझ्या घरी येऊन दोन तास ऐकलं, मीटर लावून काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "सर, बैल बी चांगलं हाईत, गाडी बी चांगली हाय. जू मापात न्हाय. जू मी करून देतो."

जू म्हणजे ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हची ताकद स्पीकरला झेपेल अशा मापानं पोचवणारा. मिस्त्रींनी तो हातानं गुंडाळला. पहिला जमला नाही, दुसरा किंचाळला. तिसऱ्या वेळी त्यांनी आतली आणि बाहेरची तार आलटून पालटून, थरावर थर, मध्ये कागद घालत गुंडाळली, व्हार्निशमध्ये बुडवली आणि भट्टीत वाळवली. महिना गेला. प्रत्येक थराचं टोक पांढऱ्या सुती दोऱ्यानं बांधलेलं. ती गाठ त्यांची स्वतःची होती. दोन वेढे सरळ, एक उलटा, आणि टोक आत दाबलेलं. उद्यमनगरात कुठलीही मोटार उघडली आणि ती गाठ दिसली, की हे काम मिस्त्रींचं असं लोक ओळखायचे.

तो अँप्लिफायर लावला त्या दिवशी मी पहिल्यांदा एका जुन्या गायिकेची रेकॉर्ड लावली. गाणं सुरू होण्याआधी नुसता तंबोरा आहे त्यात. माझी परीक्षा तीच. तारेखाली दोरा नेमका सरकवला की तंबोऱ्यातून जी बारीक, मधाळ झिणझिण उठते, ती जवारी. ती ऐकू आली पाहिजे आणि टोचता कामा नये. आवाज ऊबदार हवा म्हणून बरेच लोक वरच्या सुरांचा उजेडच घालवून टाकतात. मिस्त्रींनी तसं केलं नव्हतं. जवारी खोलीभर पसरली आणि आम्ही तीन तास बसलो तरी कुणी कानशिल चोळलं नाही.

तिथून रविवारची बैठक सुरू झाली. मी, मिस्त्री, शेजारच्या गल्लीतले वकील आणि लक्ष्मीपुरीतले कापडवाले शेट. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर. सकाळी नऊला मिसळ, दहाला रेकॉर्ड. व्हॉल्व्ह बदलला, तार बदलली, स्पीकर हातभर मागं घेतला, असं काहीही केलं की प्रत्येकानं मत द्यायचं. नियम मिस्त्रींनी घालून दिला होता, तालमीतला. "पाठीला माती लागली तर लागली म्हनायची. न्हाय म्हनलं की कुस्ती संपली." कडेच्या खुर्चीपासून सुरुवात व्हायची आणि शेवटचं मत मधल्या खुर्चीचं. कारण दोन्ही स्पीकर जिथं सारखे ऐकू येतात ती जागा तीच. मधल्या खुर्चीत मी बसायचो. सहा-सात वर्षं त्या खुर्चीत बसून मी निकाल दिले, आणि त्याबद्दल मला किती गर्व होता हे आता लिहायलाही लाज वाटते. मिरवणुकीच्या डीजेसमोरून जाताना मी कानात कापसाचे बोळे घालायचो. लोक हसायचे. मी म्हणायचो, हसा, हे कान जपायचे कान आहेत.

तीनेक वर्षांपूर्वी अँप्लिफायर बिघडला. म्हणजे मला तसं वाटलं. आवाजावर कुणीतरी घोंगडी टाकली होती. जवारी मंद झाली, मग जवळजवळ गेलीच. मी मिस्त्रींना सांगितलं. ते अँप्लिफायर स्कूटरला बांधून घेऊन गेले, चार दिवसांनी परत आणला. फरक नाही. मी पुन्हा तक्रार केली. त्यांनी पुन्हा नेला. तिसऱ्या वेळी, वकील आणि शेट दोघंही बसलेले असताना, मी बोलून गेलो, "मिस्त्री, वय झालं. तुमचा हात गेला."

वाइंडिंग करणाऱ्याला हात गेला म्हणणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. ते नुसतं म्हणाले, "बघतो, सर. स्पीकरच्या आतला कापूस बी एकदा बघतो." त्या रविवारी सगळे गेल्यावर ते थांबले आणि स्पीकरच्या मागची पट्टी उघडून काहीतरी करत बसले. मी आत पेपर वाचत होतो. पुढच्या रविवारी जवारी थोडी परत आली. महिना-दोन महिन्यांनी त्यांनी पुन्हा कापूस बघितला, मग पुन्हा एकदा. शेवटी एके दिवशी आवाज अगदी पूर्वीसारखा झाला. मी मधल्या खुर्चीतून हात वर करून ओरडलो, "आत्ता कसं! हात परत आला!"

सगळे हसले. कसे हसले ते मी तेव्हा बघितलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं मला माझ्या आयुष्यातली सुखाची वाटायची. नवीन कुणी आलं की मी त्याला ऊबदार आवाज म्हणजे काय यावर व्याख्यान द्यायचो. न थकवणारा आवाज ओळखायचा कसा, तर तीन तास बसा आणि उठताना डोकं हलकं आहे का बघा. वकील हळूहळू दाराजवळच्या खुर्चीत सरकले. उकडतं, म्हणाले. शेटना रविवारी सकाळी फोन यायला लागले आणि ते बोलायला गॅलरीत जायला लागले. बायकोचं स्टूल दारातून गेलं, कारण तिला म्हणे एकदम रविवारीच पुरणपोळ्यांपासून लोणच्यापर्यंत सगळं करायचं असायचं. आयुष्यभर गणित शिकवलं मी. ही बेरीज काही मला मांडता आली नाही.

मागच्या हिवाळ्यात वकिलांचे व्याही गडहिंग्लजहून आले होते. उसाचे शेतकरी, पण गाण्याचे दर्दी. वकील त्यांना घेऊन आले. पाहुण्याला मान म्हणून मी मधली खुर्ची दिली, शेजारी बसलो आणि बजावलं, "पावणं, आमच्याकडं एकच नियम. जे वाटलं ते तोंडावर सांगायचं."

रेकॉर्डची एक बाजू संपली. पाहुण्यांनी कान चोळला.

"सांगू?" ते म्हणाले. "राग न्हाय न्हवं येणार? कानात दाभण घातल्यागत हुतंय की हो."

मी हसलो. इतरही हसतील म्हणून वळलो. वकील बशीतल्या चहाकडं बघत होते. शेटनी खिशातून फोन काढला, तो वाजलेला नव्हता. मिस्त्री घाईघाईनं म्हणाले, "पावण्यास्नी सवय न्हाय, सर."

"सवयीचं काय त्यात?" पाहुणे म्हणाले. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांना नियम मीच सांगितला होता. "परवा गुरुवारी मुडशिंगीला तुमच्याच घरी ऐकलं की. समदी हुतासा. किती ग्वाड आवाज! तीन तास कसं गेलं कळलं न्हाय."

मिस्त्रींचं घर गडमुडशिंगीला आहे. दर गुरुवारी तिथं बैठक होते हे मला त्या क्षणी कळलं. कधीपासून, कुणाकुणाची, हे मी विचारलं नाही. दुसरी बाजू लावायला मी उठलो, पण सुई माझ्या हातून रेकॉर्डवर खर्रकन घसरली. मग आज एवढंच, असं म्हणून मी सगळ्यांना निरोप दिला.

ते गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेतला. दहा वर्षांत मी तो स्पीकर कधी उघडला नव्हता. त्याच्या पोटात हात घालायची परवानगी मी एकाच माणसाला दिली होती. मागच्या पट्टीचे चार स्क्रू काढले, पट्टी बाहेर ओढली. आत छोटी सर्किटची फळी होती. वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडं जाणाऱ्या वाटेत एक पांढरा रेझिस्टर असतो, त्या सुरांना जरा लगाम घालणारा. तो तिथं नव्हता. त्याच्या जागी तांब्याची जाड तार सरळ जोडलेली होती, आणि पांढऱ्या सुती दोऱ्यानं बांधलेली होती. दोन वेढे सरळ, एक उलटा, टोक आत दाबलेलं.

तळाशी, कापसाच्या मागं, एक पिशवी सापडली. आत तीन रेझिस्टर. एक मोठ्या आकड्याचा, मूळचा. दुसरा त्याहून लहान, तिसरा अजून लहान. म्हणजे लगाम एकदम सोडला नव्हता. माझ्याकडं बघत बघत, पायरी पायरीनं सैल केला होता आणि शेवटी काढूनच टाकला होता. दुसऱ्या स्पीकरमध्येही तेच. जे माझ्या कानाला पूर्वीसारखं गोड लागत होतं, ते बाकी सगळ्यांच्या कानात दाभण होतं. दोन वर्षं दर रविवारी ते टोचून घेत होते आणि माझ्या निकालाला माना डोलवत होते.

बायको मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. "लावून टाका ते," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

मी विचारलं, "कधीपासून?"

"मिस्त्रीभावजींनी पहिल्यांदा विचारलं तेव्हापासून. म्हणाले, वहिनी, सांगू का सरांना? मी म्हटलं, नको."

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी इतका चिडलो नव्हतो. म्हणजे मिस्त्रींना विचारावंसं वाटलं ते तिला, आणि ठरवलं दोघांनी मिळून. माझे कान, आणि त्यांच्यावर बैठक बसली माझ्याशिवाय. मी काय बोललो ते लिहीत नाही. ती ऐकून घेत होती, आणि त्यानं राग आणखीच वाढत होता.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. कागदावरची रेघ डावीकडून बरी चालत येते आणि उजवीकडं, जिथं वरचे सूर असतात तिथं, विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते. वयानं होतं, डॉक्टर म्हणाले. यंत्र घ्या. घेतलं. माणसांचं बोलणं ऐकायला ते बरं पडतं, पण गाणं त्यातून पत्र्यावर वाजल्यासारखं येतं.

तीन महिने बैठक बंद होती. मिस्त्री दोनदा दारात येऊन गेले, मी झोपलोय असं सांगायला लावलं. मला कान गेल्याचं दुःख होतं, नाही असं नाही, पण ते खालच्या थरात. वर होती ती मुडशिंगीची बैठक. तिथं चांगलं गाणं ऐकून झाल्यावर ही माणसं माझ्याबद्दल काय बोलत असतील? सरांना आज किती गोड लागलं, असं कुणी हात वर करून दाखवत असेल? आणि मिस्त्री हसत असतील? हा विचार आला की मी भर दुपारी उठून अंगणात फेऱ्या मारायचो.

शेवटी ती पिशवी खिशात घालून उद्यमनगरात गेलो. मिस्त्री मोटारीत कागद भरत होते. मी पिशवी टेबलावर ठेवली.

"नियम कुणाचा होता?" मी विचारलं. "माती लागली तर लागली म्हणायची."

"माझाच."

"मग?"

त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "सर, तुमी मला हात गेला म्हनलासा. मला बी तसंच वाटलं. म्हनून मी मोजलं. तीनदा मोजलं. ट्रान्सफॉर्मर हुता तसाच हुता. तवा कळलं काय झालंय ते. मग आलतो की सांगायला. पन तुमी खुर्चीत असं बसलेलासा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पैलवानाला सांगता येतंय, सर. तो उद्या परत उतरतो. कान कुठल्या तालमीत घालायचा?"

वाक्य चांगलं होतं. मला त्याचाच राग आला.

"आणि मुडशिंगी?"

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि खाली बघत म्हणाले, "सगळ्यांचं कान दुखायचं, सर."

मला सांगितलं असतंत तर मीच तुमच्याकडं आलो असतो ऐकायला, असं मी म्हणणार होतो. पण खरंच आलो असतो का, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही. एवढंच म्हणालो, "पहिला होता तो परत बसवून द्या. रविवारी या. सगळे या."

रविवारी सगळे आले. मिसळ कुणी फारशी खाल्ली नाही. मिस्त्रींनी दोन्ही स्पीकरच्या तारा काढल्या, मूळचे रेझिस्टर लावले, पांढरा दोरा बांधला आणि पट्ट्या बसवल्या. मी दाराजवळच्या खुर्चीत बसायला गेलो, तर वकील उठून उभे राहिले आणि त्यांनी मधल्या खुर्चीकडं हात केला. मग मधल्या खुर्चीत बसलो. यंत्र काढून खिशात ठेवलं. तंबोऱ्याची रेकॉर्ड लावली.

तंबोरा होता. जवारी नव्हती. चार तारा कुणीतरी भिंतीपलीकडं बोटानं छेडत होतं. मी डोळे मिटून वाट बघितली, तरी आली नाही. डोळे उघडले तर शेट मान मागं टाकून बसले होते, खांदे सैल. वकिलांच्या चेहऱ्यावर मला दहा वर्षांपूर्वीचा तो पहिला रविवार दिसला. आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल सरकल्याचं मला दिसलं. बायको पदराला हात पुसत येऊन बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

बाजू संपली. कडेच्या खुर्चीपासून सुरुवात झाली. शेट म्हणाले, "आता गोड." वकील म्हणाले, "आता बरोबर." दोघंही खरं बोलत होते, त्यांचे चेहरेच सांगत होते. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. "सर?"

जवारी ऐकू आली नाही, हे खरं होतं. चार शब्दांचं होतं. तीन महिने ज्या खोटेपणासाठी मी या माणसांशी बोललो नव्हतो, तो मला अर्ध्या मिनिटात जमला.

"सुरेख," मी म्हणालो. "अगदी पहिल्यासारखं. जवारीसकट."

मिस्त्रींना कळलं. कळणारच, माझ्या कानांचं माप माझ्याआधी त्यांनी घेतलं होतं. नियमाप्रमाणे त्यांनी मला तिथंच अडवायला हवं होतं. त्यांनी अडवावं म्हणून मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

"व्हय," ते म्हणाले, "पयल्यासारखंच हाय," आणि दुसरी बाजू लावायला उठले.